“जरा लक्ष ठेवा हं” असं सांगून काम देता का तुम्ही?

सांजवात

नर्सिंगमधल्या मंडळींसाठी धागा काढतेय. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त वॉर्डातली भाषा सहन करावी लागेल.

मी सर्जिकल वॉर्डात आहे. आठ वर्षं झाली, पण शिफ्ट सांभाळायला लागून चारच महिने. मागच्या आठवड्यातली नाइट. १४ नंबरचे काका दुपारी ऑपरेशन होऊन आलेले. साडेदहाला मॉर्फिन दिलेलं, नाकाला दोन लिटर ऑक्सिजन. अकराच्या सुमारास एक नवीन ॲडमिशन आलं आणि त्याच वेळी दुसऱ्या एका पेशंटच्या ड्रेनमध्ये (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी) ताजं रक्त दिसायला लागलं. मी धावतपळत जाता जाता मावशींना (नर्सिंग असिस्टंट, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या) म्हटलं, “१४ नंबरकडे जरा लक्ष ठेवा हं, आणि व्हायटल्स घेऊन ठेवा.” (व्हायटल्स म्हणजे बीपी, पल्स, श्वास, ताप वगैरे.)

मावशींनी लक्ष ठेवलं. दोनदा जाऊन आल्या. साडेअकराला मला शोधत येऊन सांगितलंसुद्धा, “काका शांत झोपलेत. सगळं नॉर्मल.” मला एवढं हायसं वाटलं की मी “बरं झालं” म्हणून मोकळी झाले.

बाराला स्वतः गेले. काका घोरत होते. हाक मारली की पापण्या अर्ध्या उघडायच्या, परत मिटायच्या. श्वास मोजले. मिनिटाला ८. सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन, बोटावर चिमटा लावून बघतात तो) मात्र ९६. चार्टवर श्वासाच्या रकान्यात दोन्ही वेळा १८ लिहिलेलं.

डॉक्टर आले, नॅलोक्झोन (मॉर्फिनवरचा उतारा) दिलं, पुढे रात्रभर मॉनिटरवर. सकाळी काका घरच्यांशी गप्पा मारत होते, त्यामुळे गोष्ट तिथे निभावली. पण परवा मीटिंग झाली आणि चुकीची नोंद केली म्हणून मावशींना मेमो मिळाला. मला एक शब्दही कुणी बोललं नाही. तेव्हापासून मन खातंय. त्यांनी १८ लिहिलं ते चूकच. पण मी त्यांना नक्की काय सांगितलं होतं?

तर प्रश्न असा: तुम्ही कामं सांगता कशी? धोरणाचा कागद आमच्याही भिंतीवर आहे, तो नको. तोंडून निघणारे शब्द सांगा.

कापूसबोळा

वाचताना काटा आला. शांत झोपलेला पेशंट हे नाइटचं सगळ्यात गोड वाक्य आहे आणि मॉर्फिनवाल्या पेशंटच्या बाबतीत तेच सगळ्यात घातकी. ऑक्सिजन चालू असला की सॅचुरेशन बराच वेळ छान दिसतं. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, ते बोटावरच्या चिमट्याला कळत नाही. आधी पेशंट गुंगतो, मग श्वास मंदावतो, आकडा शेवटी पडतो. हे मावशींना कुणी शिकवलं होतं का?

रातकिडा

आयसीयूतला आहे, सवय म्हणून लगेच स्कोअर मांडून बघितला. एनईडब्ल्यूएस-२ धरू (पेशंट किती बिघडलाय ते आकड्यात सांगणारा, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा, २०१७ चा). बीपी, पल्स, ताप ठीक होतं असं समजतो.

चार्टवरचे काका: श्वास १८ म्हणजे शून्य, सॅचुरेशन ९६ म्हणजे शून्य, ऑक्सिजन चालू म्हणून २, झोपलेत म्हणजे जागेच धरले, शून्य. एकूण २.

पलंगावरचे काका: श्वास ८ म्हणजे ३, ऑक्सिजनचे २, हाकेलाच प्रतिसाद म्हणून आणखी ३. एकूण ८. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे इमर्जन्सी. श्वासाचे एकटे ३ आले तरी तातडीने बघायला हवं होतं.

दोन आणि आठ यांच्यातला फरक दोन गोष्टींचा: एक मिनिट मोजणं आणि एक हाक मारणं. दोन्ही मावशी करू शकतात. पण त्या दोन्ही गोष्टी तुमच्या वाक्यात नव्हत्या, ताई. राग मानू नका.

सांजवात

राग कसला. हेच तर मला मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि हो, बीपी-पल्स ठीकच होते.

खडूस_इनचार्ज

आयडीवरून कळलं असेलच. सव्वीस वर्षं झाली, त्यातली चौदा इनचार्ज म्हणून. सविस्तर लिहिते.

काम सोपवण्याचे पाच नियम सगळ्यांनी घोकलेले असतात: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य माणूस, योग्य सूचना, योग्य देखरेख. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने ते रुजवले, आणि २०१९ मध्ये तिथल्या नर्सेस असोसिएशनबरोबर मिळून मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्यात साफ म्हटलंय की हाती घेतलेलं काम नीट करण्याची जबाबदारी ते घेणाऱ्याची, पण पेशंटची एकंदर जबाबदारी नर्सचीच राहते. मेमो एकाच नावाने निघाला तिथेच मीटिंगवाल्यांची गल्लत झाली.

पाचांपैकी पहिल्यावर सगळे अडकतात. “व्हायटल्स असिस्टंटला देता येतात का?” येतात. स्पंजिंग, कूस बदलणं, युरीन बॅग रिकामी करणं, वजन, चालवणं, सगळं देता येतं. मूल्यमापन देता येत नाही. म्हणजे पेशंटला पहिल्यांदा तपासणं, काय चाललंय ते ठरवणं, प्लॅन बदलणं, दिलेल्या औषधाचा परिणाम बघून पुढचं ठरवणं, घरी जाताना शिकवणं. “लक्ष ठेवा” हे नेमकं मूल्यमापन आहे हो. तुम्ही व्हायटल्स दिले असं तुम्हाला वाटलं, प्रत्यक्षात दिलं ते भलतंच.

माझ्या मते घोळ दुसऱ्या नियमात जास्त होतो. तेच काम, दुसरा पेशंट, आणि गणित बदलतं. पाच दिवस झालेल्या पेशंटला मावशींनी उठवून बाथरूमपर्यंत नेलं तर उत्तम. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाय खाली सोडणार असेल तर मी स्वतः उभी असते, कारण चक्कर येऊन तो खाली जाण्याआधी चेहऱ्याचा रंग उतरतो आणि तो मला बघायचा असतो. स्ट्रोकच्या पेशंटला भरवायचं झालं तर गिळणं तपासून झाल्याशिवाय चमचा कुणाच्याच हातात नाही. सकाळी सातला स्थिर असलेला पेशंट अकराला स्थिर असेलच असं नाही, त्यामुळे सकाळचं वाटप मी दुपारी एकदा मोडून बघते.

आता शब्द विचारलेत. मी असं सांगते:

“मावशी, १४ नंबरच्या काकांना झोप येणारं औषध दिलंय. सव्वाअकराला आणि साडेअकराला जायचं. आधी हाक मारायची, डोळे उघडून नाव सांगतात का बघायचं. मग छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. १२ च्या खाली आले किंवा नीट जागे झाले नाहीत, तर त्यांना सोडून जायचं नाही, तिथूनच बेल दाबायची. मी ६ नंबरला आहे. आता मला सांगा, काय करणार?”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. “कळलं ना?” विचारलंत तर “हो” हेच उत्तर येतं, जगाच्या पाठीवर कुठेही. त्यांना परत बोलायला लावायचं. एवढं सगळं बोलायला मला पाऊण मिनिट लागतं, मोजून बघितलंय.

एकटाजीव

सिस्टर, तुमचा अनुभव मान्य, पण हे सगळं पूर्ण स्टाफ असलेल्या वॉर्डात ठीक. माझ्याकडे नाइटला २८ पेशंट, मी एक ब्रदर, एक ज्युनियर सिस्टर आणि एक असिस्टंट. सांगा, परत बोलायला लावा, मग जाऊन तपासा. त्यापेक्षा मी स्वतःच करून मोकळा होतो. निदान नंतर कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

कापूसबोळा

@एकटाजीव, दादा, आणि तुमचं रात्री दहाचं अँटिबायोटिक कितीला लागतं?

एकटाजीव

साडेअकरा. कधी बारा. :(

रातकिडा

हेच. बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसशी बोलून ‘राहून गेलेली शुश्रूषा’ असा अभ्यास केला होता. कायम काय राहतं? चालवणं, कूस बदलणं, भरवायला उशीर, तोंडाची स्वच्छता, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याची नोंद), पेशंटशी दोन शब्द. कारणांमध्ये माणसं कमी हे होतंच, पण काम नीट न सोपवणं हेसुद्धा होतं. सगळं स्वतः करणाऱ्याच्या हातून चुका कमी दिसतात, कारण जे झालंच नाही त्याची चूक कुठे नोंदली जात नाही. कूस न बदलल्याची जखम पाठीला काही दिवसांनी दिसते, तेव्हा ड्युटी कुणाची होती कोण बघतं?

एकटाजीव

लागलं. पण खोटं नाही.

मीमावशी

मी सिस्टर नाही, असिस्टंट आहे. नऊ वर्षं. लिहू की नको असं दोन दिवस करत होते, मुलाने आयडी काढून दिला.

१८ का लिहिलं जातं ते सांगते. रकाना रिकामा दिसला की बोलणी बसतात. आकडा लिहिलेला असला की कुणी विचारत नाही. श्वास मोजत उभं राहिलं तर तेवढ्यात तीन हाका येतात, आणि एक मिनिट नुसतं उभं राहिलेलं बघून “मावशी, काम नाही का?” असं मला एका सिस्टरनेच विचारलंय. मग आपण सगळे १८, २० लिहितो. चूक आहे, मला माहीत आहे. पण ती चूक एकटीची नाही.

दुसरं. तीन सिस्टर एकाच वेळी तीन कामं सांगतात. प्रत्येकीला वाटतं मी तिच्याच कामाला गेले. मी कुणाचं आधी करू? जिचा आवाज मोठा तिचं करते.

तिसरं माझ्याच हातून झालेलं. मी नवीन असताना “७ नंबरचं बीपी घे” एवढंच सांगितलं. डायलिसिसचा पेशंट. मी डाव्या हाताला पट्टा गुंडाळायला लागले, तर तेच म्हणाले, “अहो, तो हात नको, फिस्टुला आहे.” मला फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात तो) म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून आपल्या मनगटावर ठेवला, आत थरथर लागत होती. म्हणाले, “ही बंद पडली तर मी संपलो.” पेशंट बेशुद्ध असता तर मला कुणी सांगितलं असतं?

खडूस_इनचार्ज

मावशी, लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन दिवस विचार करायची गरज नव्हती.

रिकाम्या रकान्याबद्दल: आमच्याकडे मी एक पद्धत पाडली आहे. घेता आलं नाही तर “घेतलं नाही” असं वेळेसकट लिहायचं, आणि त्यावर कुणी ओरडायचं नाही. पहिल्या महिन्यात असे इतके “घेतलं नाही” दिसले की मला लाज वाटली. म्हणजे आधी ते सगळे आकडे कुठून येत होते? पण त्या यादीमुळेच एक माणूस वाढवून मिळाला. भरलेले चार्ट दाखवून कुणी माणूस देत नाही.

तरीही एक गोष्ट कडक बोलते. न मोजता आकडा लिहिणं याला माझ्याकडे माफी नाही, सिस्टर असो की मावशी. आकडा खोटा असला की पुढचे सगळे त्यावर भरवसा ठेवून फसतात.

मीमावशी

मान्य आहे सिस्टर.

फर्स्टइयर

माझी शंका छोटी आहे. विद्यार्थिनी आहे. क्लिनिकलला एका सिस्टरने इन्सुलिन भरलं आणि मला म्हणाली, “डबल चेकच्या जागी सही कर.” मी व्हायल (औषधाची बाटली) बघितलीच नव्हती. सही केली. चुकलं का?

रातकिडा

चुकलं. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम ही हाय-अलर्ट औषधं, म्हणजे चूक झाली तर जास्त घातक. दुसऱ्याने तपासणं म्हणजे ऑर्डर, व्हायल, सिरिंजमधले युनिट आणि पेशंटचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी, पहिल्याचं उत्तर न ऐकता बघणं. आणि हा दुसरा माणूस त्या कामाला पात्र लागतो, विद्यार्थिनी नव्हे. पुढच्या वेळी एवढंच म्हणायचं: “सिस्टर, मी बघितलं नाही, सही नाही करता येणार.” घाबरायला होईल. पहिल्यांदा सगळ्यांचीच बोबडी वळते.

ओघात आलंय तर, रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं आम्ही कुणावरही सोडत नाही. पलंगाशी नर्सच. गंभीर रिॲक्शन बहुतेकदा तेव्हाच सुरू होते.

ग्लुकोमीटर मात्र असिस्टंटना शिकवून, हातून करून बघून मग देतो. शिकवतानाच सांगतो की बोट धुऊन, कोरडं करून टोचायचं. एकदा ग्लुकोजचं पाणी सांडलेल्या बोटावर शुगर ३१० आली होती, हात धुऊन घेतली तर १४०. त्या ३१० वर इन्सुलिन गेलं असतं तर? आकडा आणणं त्यांचं, त्याचं काय करायचं ते आपलं. ७० च्या खाली आली तर चार्टमध्ये लिहायच्या आधी आम्हाला ओरडून सांगायचं.

कापूसबोळा

अजून एक प्रकार कुणी लिहिला नाही. काम खाली खाली घरंगळत जाणं. मी असिस्टंटला सांगितलं, “४ नंबरच्या आजोबांचं आउटपुट बघा,” म्हणजे लघवी किती झाली ते. तिला दुसरीकडे बोलावलं, तिने नव्या मुलीला सांगितलं. नव्या मुलीने आजोबांच्या जावयाला. जावयाने मदत म्हणून बॅग सरळ संडासात रिकामी केली. मी विचारलं, “किती झाली?” तर म्हणे, “भरपूर.”

आजोबा ७० किलोचे. ताशी किलोमागे अर्धा मिली धरली तरी चार तासांत १४० मिली हवीच. “भरपूर” म्हणजे १४० च्या वर की खाली, कुणाला ठाऊक! डॉक्टर राउंडला उभे, आणि मी भरपूर हा शब्द मिलीमध्ये कसा लिहायचा या विचारात.

तेव्हापासून सांगताना जोडते: “तुम्हाला जमलं नाही तर दुसऱ्याला देऊ नका, मला परत द्या.” ज्याला काम मिळालं त्याने ते पुढे वाटायचं नाही. आणि “रिकामी करा” म्हणायचं नाही, “मोजा, लिहा, मग रिकामी करा” म्हणायचं.

एकटाजीव

काल प्रयोग केला. हँडओव्हर झाल्यावर तिघं दोन मिनिटं पलंगांच्या यादीभोवती उभे राहिलो. असिस्टंटला विचारलं, “यातलं तुला काय येत नाही?” (काय येतं असं विचारलं नाही, मुद्दाम.) त्याने सांगितलं, राइल्स ट्यूबवाल्या (नाकातून पोटात फीड द्यायची नळी असलेल्या) पेशंटची कूस बदलायला भीती वाटते, ट्यूब निघेल म्हणून. दीड वर्ष झालं त्याला माझ्याबरोबर, मला माहीतच नव्हतं. म्हणजे दीड वर्ष तो त्या पेशंटना हात लावत नव्हता, आणि मला वाटायचं हा आळशी आहे.

त्याला एकदा धरून दाखवलं: फीड बंद करायचं, ट्यूबची टेप आणि नाकाशी असलेली खूण बघायची, मग वळवायचं, परत खूण बघायची. खूण सरकली असेल तर फीड सुरू करायचं नाही, मला बोलवायचं. दहाचं अँटिबायोटिक सव्वादहाला लागलं. रोज जमेल असं म्हणत नाही.

खडूस_इनचार्ज

“काय येत नाही?” हा प्रश्न मी ढापतेय.

@सांजवात, एक विचारायचं राहिलं. तुमच्या मावशींकडे सेकंद काट्याचं घड्याळ होतं का?

सांजवात

... हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. उद्या विचारते.

सांजवात

विचारलं. उत्तर लिहायला वेळ लागला, माफ करा.

त्यांच्याकडे घड्याळ नाही. मोबाइल वॉर्डात वापरायला बंदी, म्हणून तो लॉकरमध्ये. भिंतीवरचं घड्याळ नर्सिंग स्टेशनवर, १४ नंबरच्या पलंगावरून ते दिसत नाही. मी स्वतः तिथे बसून बघितलं, मधे खांब येतो. मी त्यांना विचारलं, “मग आजवर श्वास कसे मोजायचात?” तर म्हणाल्या, “बीपीचं मशीन पल्स दाखवतं, सॅचुरेशन दाखवतं. श्वास कुठलंच मशीन दाखवत नाही. मला वाटलं तो रकाना असाच भरतात. सगळ्या पानांवर १८, २० असतं ना.” मी जुनी पानं उलटली. माझ्या हातच्या नोंदीही तशाच निघाल्या. सगळ्या खोट्या नव्हत्या, पण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलेल्या बऱ्याच होत्या.

मीटिंगच्या नोंदीत माझं म्हणणं लेखी जोडायला दिलंय: मी काय शब्द वापरले, काय सांगितलं नाही, घड्याळाचं काय. मेमो मागे घेतील की नाही ते त्यांच्या हातात. मावशींना दाखवलं तेव्हा म्हणाल्या, “उगाच स्वतःला कशाला अडकवून घेता सिस्टर.” मला वाटलं खूश होतील. उलट रागावल्या.

सेकंद काट्याची तीन घड्याळं मागितली आहेत, प्रत्येक खोलीत पलंगावरून दिसेल अशी. खरेदीचा अर्ज कुठे फिरतोय देव जाणे. तोवर माझं छातीवर पिनने लावायचं घड्याळ नाइटला मावशींच्या एप्रनला असतं.

मीमावशी

त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा की आधी हाक मारून मग मोजायचं झालं तर पेशंट जागा होऊन बोलायला लागतो, मोजणी चुकते. मी आधी मोजते, मग हाक मारते. हात मनगटावर ठेवते, म्हणजे त्याला वाटतं पल्स बघतेय.

खडूस_इनचार्ज

बरोबर. माझ्या वाक्यात क्रम उलटा होता. सव्वीस वर्षं उलटा सांगतेय. आजपासून बदलते.

सांजवात

काल रात्री सव्वादोनला मावशी दारात आल्या. “सिस्टर, ३ नंबर, १० आले. परत मोजले, १०च. हाकेला उठले, नाव सांगितलं. पण तुम्ही १२ म्हणाला होतात, म्हणून आले.” पलंगाजवळ एका मुलीला उभं करून आल्या होत्या.

गेले. पुन्हा एक मिनिट मोजले, ११ आले. पेशंट नीट जागा, स्वतःहून पाणी मागत होता. डॉक्टरांना कळवलं, पुढचा डोस कमी केला. चार्टवर मावशींच्या अक्षरात दोनदा १० आणि खाली माझं ११.